चाचांच्या कॅसेटी आणि अजीज नाझांची पार्टी

गेल्या वर्षापर्यंत नरडाण्याला चाचांना फोन लावला की आधी अजीज नाझां गायचा. 'चढता सूरज धीरे धीरे' ही कॉलर ट्यून चाचांनी लावून घेतली होती. तिचे महिन्याला पैसे कापले जातात म्हणून ते कुरकुर करत, पण बंद करायचं नाव काढत नसत. फोनही उशिरा उचलायचे. समोरच्याला निदान मुखडा तरी पुरता ऐकू जावा म्हणून ते मुद्दाम थांबतात, असं घरात सगळ्यांचं मत होतं. कुणी दवाखान्यातून फोन करो की लग्नाचं बोलावणं द्यायला, दुनियेतले मोठमोठे बादशहा रिकाम्या हातांनी कसे गेले हे त्याला आधी ऐकून घ्यावं लागे. मग चाचा 'बोलो' म्हणत.

चाचा गेले. त्यांचं कार्ड संपेपर्यंत ती ट्यून वाजत राहिली. नंतर तीही गेली.

महिनाभरानं मी नरडाण्याला गेलो तेव्हा चुलतभावानं माळ्यावरून एक पत्र्याची पेटी खाली काढली. आत एकसष्ट कॅसेटी. निम्म्याहून अधिक कव्वालीच्या, आणि त्यातल्या बऱ्याच अजीज नाझांच्या. भाऊ भला माणूस आहे, पाच वेळचा नमाजी आहे, बापाची सेवा त्यानं जीव लावून केली. तो म्हणाला, "भाई, ये घर में नै रखना. अब्बा को कबर में तकलीफ होगी." भंगारवाल्याला द्यायचंही त्याच्या मनात नव्हतं, कारण मग दुसरं कुणी ऐकेल. त्याला त्या जाळायच्या होत्या.

मी मुफ्ती नाही, त्यामुळे कबरीतल्या तकलीफेबद्दल मला बोलता येणार नाही. पण इतिहासाचा नाद आहे. त्या पेटीत काय आहे, ते तिथवर कसं पोहोचलं, आणि ट्रकच्या केबिनमध्ये आयुष्य काढलेल्या एका माणसानं त्यावर चाळीस-पन्नास वर्षं इतका जीव का लावला, एवढं तरी जाळण्याआधी समजून घ्यावं असं मला वाटलं. भावाला मी म्हटलं, थोडे दिवस थांब.

आता ही पार्टी म्हणजे काय, हे नव्या वाचकांसाठी सांगायला हवं. रेकॉर्डवर नाव एकाचं असतं आणि त्यापुढं 'और साथी' किंवा 'कव्वाल व पार्टी'. पुढच्या ओळीत मुख्य कव्वाल, बहुधा हार्मोनियमसह. त्याच्या बाजूला दुसऱ्या फळीतला गायक. तो मुख्य गायकाचा श्वास संपतो नेमका तिथं ओळ उचलतो. मागं टाळ्या देणारे आणि कोरस धरणारे. ढोलकवाला, तबल्यावाला आणि बेंजोवाला. हा बेंजो अमेरिकी नव्हे. 1912 साली जपानच्या नागोया शहरात गोरो मोरिता यानं 'तैशोगोतो' नावाचं वाद्य बनवलं. तारांवर टाइपरायटरसारखी बटणं, ती दाबायची आणि दुसऱ्या हातानं तारा छेडायच्या. ते आपल्याकडं येऊन बुलबुलतरंग झालं आणि सामान्य माणसाच्या तोंडी बेंजो. सारंगीला लागतो तसा उस्ताद आणि तशी बारा वर्षांची तपश्चर्या याला लागत नाही. गिरणी कामगार, शिंपी, हमाल, कुणीही सहा महिन्यांत बरं वाजवू शकतो. मुंबईच्या कव्वालीचा जो झणझणीत, काहीसा पत्र्यासारखा आवाज आहे, तो या वाद्याचा. खानदानी रसिक त्याला नाक मुरडतात. चाचांना मात्र त्याचे पहिले चार सूर ऐकले की गाणं कुठलं आणि पार्टी कुणाची हे सांगता यायचं. दिल्लीकडचे कव्वाल त्यांना 'बहुत धीरे' वाटायचे.

भावाचा आक्षेप नवा नाही, निदान सातशे वर्षांचा आहे. इमाम गझालींनी 'इह्या उलूमुद्दीन'मध्ये समावर, म्हणजे सूफींच्या गायन-श्रवणावर, वेगळं प्रकरण लिहिलं आहे. सरसकट हलाल किंवा सरसकट हराम असा निकाल ते देत नाहीत. वेळ कुठली, जागा कुठली आणि सोबत कुणाची, यावर ते जोर देतात. दिल्लीत गियासुद्दीन तुघलकाच्या काळात, म्हणजे 1320 ते 1325 दरम्यान, हजरत निजामुद्दीन औलियांना याच प्रश्नावर उलेमांच्या सभेपुढं यावं लागलं. वाद झाला, बंदी मात्र आली नाही.

त्या वादाची एक शाखा थेट आमच्या खानदेशात येते. निजामुद्दीनांचे शिष्य बुरहानुद्दीन गरीब दौलताबादला आले आणि 1337 साली वारले. खुलदाबादला त्यांची दर्गाह आहे. समा ऐकताना त्यांची झुलण्याची, नाचण्याची तऱ्हा इतकी निराळी होती की तसं करणाऱ्या त्यांच्या मंडळींना 'बुरहानी' म्हणू लागले. पुढं खानदेशात फारुकींचं राज्य झालं. संस्थापक मलिक राजा, साल 1382, राजधानी थाळनेर. आमच्या नरडाण्याहून शिरपूरकडं निघालं की तापीच्या पलीकडं हे गाव आहे आणि फारुकींच्या कबरी अजून तिथं उभ्या आहेत. मलिक राजाची निष्ठा बुरहानुद्दीनांचे खलिफा जैनुद्दीन शिराझी यांच्यावर होती. त्याच्या मुलानं, नासिर खानानं, तापीकाठी नवं शहर वसवलं आणि त्याला बुरहानुद्दीनांचं नाव दिलं. तेच बुऱ्हाणपूर. गाणं ऐकून झुलणाऱ्या एका फकिराच्या नावानं खानदेशची राजधानी वसली, ही गोष्ट शाळेत आम्हाला कुणी सांगितली नाही. त्याच बुऱ्हाणपुरात शेख बहाउद्दीन झाले, 1506 साली वारले. त्यांनी टोपणनाव घेतलं 'बाजन'. कव्वालांनी गावीत म्हणून त्यांनी साध्या हिंदवीत रचना केल्या, त्यांना 'जिकरी' म्हणत. फारसी न येणाऱ्यांसाठी त्या होत्या.

तर खानदेशला कव्वाली मुंबईच्या सिनेमानं शिकवली असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. पण चाचांच्या पेटीतली कव्वाली खानकाहमधली नाही, हेही तितकंच खरं. मधल्या काळात तिनं घर बदललं.

1945 च्या 'जीनत' सिनेमात नूरजहाँ, जोहराबाई अंबालेवाली आणि कल्याणी यांनी मिळून कव्वाली गायली. सगळ्या बायकांचाच आवाज असलेली ती सिनेमातली पहिली गाजलेली कव्वाली. 1958 साली 'अल हिलाल' आला. संगीत बुलो सी. रानी यांचं, शब्द शेवन रिझवींचे, आणि गायला इस्माईल आझाद आपल्या पार्टीसह: 'हमें तो लूट लिया'. सिनेमा कुणाला आठवत नाही. गाणं रिक्षावाल्यालाही आठवतं. सिनेमाच्या गायकांनी कव्वाली गाणं वेगळं आणि कव्वालाच्या पार्टीनं आपल्या आवाजासकट सिनेमात येणं वेगळं. इथून पार्टीचा खडबडीत कोरस देशभर पोहोचला. शकीला बानो भोपाली याच सुमारास मुंबईत आल्या आणि बाईनं मंचावर बसून पुरुष कव्वालाला शेरानं उत्तर द्यायचं, हा खेळ त्यांनी रुजवला. मुकाबल्यांतली सगळीच भाषा काही सूफियाना नव्हती. हुस्न-इश्काच्या नावाखाली हलके टोमणे चालत, समोरून शिट्ट्या येत, बाई कव्वालाच्या अंगावर नोटा फेकल्या जात. आज त्या काळाच्या आठवणी काढताना लोक हे विसरतात, मला विसरावंसं वाटत नाही.

आता अजीज नाझां. 1938 साली मुंबईत जन्म, घर मलबारी मुसलमानांचं. घरात गाणं वर्ज्य होतं आणि पोरगा चोरून कव्वाली ऐकायला जायचा, असं त्याच्याविषयी सांगतात. म्हणजे माझ्या भावाचा प्रश्न त्याच्याही घरात होता. त्याचा आवाज वरच्या पट्टीतला. शेर सुरू करताना मऊ, आणि टीपेला गेला की धार लावल्यासारखा. मागून कोरस इतका घट्ट की एक शब्द दहा वेळा आला तरी दर वेळी तो नवा धक्का देतो.

इथं एक परदेशी उदाहरण आठवतं. अमेरिकेतल्या काळ्या समाजात चर्चमध्ये गॉस्पेल गायलं जायचं. 1954 साली रे चार्ल्सनं अशाच एका भक्तिगीताच्या चालीवर प्रेयसीचं गाणं बांधलं. देवाच्या जागी बाई आली, बाकी हाक तीच. चर्चवाले भडकले. सॅम कुक गॉस्पेल सोडून 1957 मध्ये बाहेर पडला तेव्हाही जुने श्रोते दुखावले. याच वाटेनं सोल नावाचं संगीत झालं. पुढं साठच्या दशकात जेम्स ब्राउननं आपल्या वादकांना पहिल्या मात्रेवर घण घालायला लावलं आणि त्यातून फंक निघालं. ते लोक त्या मात्रेला 'द वन' म्हणतात. आपल्याकडं तिला सम म्हणतात आणि ढोलकवाल्याला ती कुणी शिकवावी लागत नाही. अजीज नाझांनं जेम्स ब्राउन ऐकला होता असं मला सुचवायचं नाही. पण इबादतीची हाक बाजारात आली की घरचे काय म्हणतात आणि बाजार काय करतो, ही गोष्ट दोन्हीकडं सारखीच घडली. तिकडं त्यावर ग्रंथ लिहिले गेले, संग्रहालयं झाली. इकडं माळ्यावर पत्र्याची पेटी.

आता 1974. त्या वर्षी 'फाइव्ह रायफल्स' आला, आय. एस. जोहरचा. त्यात राजेश खन्ना आणि शशी कपूरसारखे दिसणारे दोन नट घेतले होते, यावरून सिनेमाचा दर्जा ओळखावा. पण त्यात 'झूम बराबर झूम शराबी' होतं. त्याच वर्षी 'रोटी कपडा और मकान'मध्ये महागाईवरचं गाणं आलं आणि त्यात लता, मुकेश, नरेंद्र चंचल यांच्या जोडीला जानी बाबू कव्वाल होता. एकाच वर्षी कव्वालानं दारूचं गाणं गायलं आणि दुसऱ्या कव्वालानं महागाईचं, आणि दोन्ही देशानं डोक्यावर घेतली.

ते वर्ष कसं होतं? महाराष्ट्रात 1972 चा दुष्काळ नुकता सरला होता. आमच्या घरची सगळी जाणती माणसं खडी फोडायला गेली होती. मिलोच्या लाल ज्वारीची भाकर आणि पोरांना सुकडी. मे 1974 मध्ये रेल्वेचा संप झाला, वीस दिवस चालला. सुरत-भुसावळ लाइनीवरचं आमचं स्टेशन त्या दिवसांत कसं गप्प होतं, हे अब्बा सांगायचे. शेजारच्या आग्रा रोडवर मात्र ट्रकांची रांग लागली. चाचा तेव्हा क्लीनर होते, वीस-बावीस वर्षांचे. धाब्यावर शेवभाजीची ऑर्डर दिली की ती येईपर्यंत रेकॉर्ड वाजायची आणि वाजायची तीच. चाचांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही. मी एकदा विचारलं, मग हे शराबीचं गाणं कसं आवडतं? म्हणाले, "अरे, दिवसभर खडी फोडलेल्याला झूम म्हणणारा कुणीतरी पाहिजे की नको?"

सूफी कवितेत शराब म्हणजे इश्क-ए-हकीकी, असं उत्तर एखाद्या विद्वानानं दिलं असतं. त्या गाण्यापुरतं मला चाचांचंच उत्तर बरोबर वाटतं. लग्नाच्या वरातीत ते गाणं बँडवर वाजायचं, खरोखरीचे शराबी त्यावर नाचायचे, आणि ट्रम्पेट वाजवणारा अनेकदा आमच्याच मोहल्ल्यातला असायचा. त्यात हकीकी काही नव्हतं.

पेटीतल्या कॅसेटींची वेष्टनं वाचताना मात्र एका गोष्टीनं मी थबकलो. 'झूम बराबर झूम' लिहिणारा शायर नाझा शोलापुरी. 'चढता सूरज' लिहिणारा कैसर रत्नागिरवी. एक सोलापूरचा, एक रत्नागिरीचा. देशभर ज्या दोन कव्वाल्यांवर अजीज नाझांचं नाव उभं आहे, त्या दोन्हींच्या मागं महाराष्ट्रातल्या दोन गावांची नावं आहेत. शायरानं गावाचं नाव आपल्या नावाला जोडायचं ही उर्दूची जुनी रीत, म्हणून जौनपुरी, बदायूनी, लखनवी. पण सोलापूर म्हणजे चादरी आणि गिरण्यांचा भोंगा, रत्नागिरी म्हणजे आंबा आणि टिळकांचं जन्मगाव. या गावांची उर्दूत काही ओळख असू शकते, हे मराठी वाचकाच्या मनातही येत नाही. मराठी मुसलमानाची उर्दू म्हणजे उसनी आणलेली, असं इथले लोक मानतात. लखनौवाले तर तिला भाषाच मानत नाहीत. आणि पिढ्यान् पिढ्या गाणाऱ्याचं नाव सगळ्यांना ठाऊक, लिहिणाऱ्याचं कुणालाच नाही. मी नरडाण्यात दहा जणांना विचारलं. गाणं दहाही जणांना पाठ होतं. कैसर रत्नागिरवी हे नाव एकानंही ऐकलेलं नव्हतं. चाचा असते तर त्यांनी सांगितलं असतं, कारण ते वेष्टनाचा कागद अगदी छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचायचे.

कव्वालीचा हा साचा मुसलमानांपाशीच थांबला नाही. भीमजयंतीला रात्र-रात्र कव्वालीचे सामने व्हायचे. समोरासमोर दोन पार्ट्या, तोच बेंजो, त्याच टाळ्या, फक्त शान बाबासाहेबांची. प्रल्हाद शिंदे यांना बाहेरचा महाराष्ट्र विठ्ठलाच्या आणि सत्यनारायणाच्या गाण्यांनी ओळखतो. वस्तीतले लोक त्यांना भीमगीतांनी आणि कव्वालीनं ओळखत. विठ्ठल उमपही शाहिरीइतकीच कव्वाली ताकदीनं गायचे. चाचांच्या पेटीत प्रल्हाद शिंदेंच्या चार कॅसेटी निघाल्या. त्यातल्या दोनांवर शेजारच्या वस्तीतल्या त्यांच्या दोस्ताचं नाव पेनानं लिहिलेलं आहे, म्हणजे त्या परत द्यायच्या राहून गेल्या. त्याच्याकडंही चाचांच्या दोन-चार असणार. 'गंगा-जमनी' हा शब्द मी टाळतो, परिसंवादांनी तो पार झिजवून टाकला आहे. एकमेकांच्या कॅसेटी लाटणं, एवढंच इथं घडत होतं.

कॅसेट हीच खरी क्रांती होती. जुन्या 78 च्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं मावत. कव्वालीला एवढ्यात घसाही तापत नाही. कव्वालानं ओळ घ्यायची, सोडायची, मध्येच शेर टाकायचा, परत ओळीवर यायचं, लोकांच्या 'वाह'ची वाट पाहायची, यालाच पंधरा-वीस मिनिटं हवीत. लाँगप्लेवर ती सोय झाली, पण तबकडी आणि प्लेअर दोन्ही महाग. ऐंशीच्या दशकात कॅसेट आली, एका बाजूला तीस मिनिटं, किंमत चहा-बिडीतून वाचवता येईल एवढी, आणि मुख्य म्हणजे चालत्या ट्रकमध्ये वाजणारी. आमच्या गावी कव्वालीची मोठी पार्टी येण्याइतका पैसा कुणाकडं नव्हता. आली ती कॅसेट. बाजाराच्या दिवशी शिरपूरला किंवा दोंडाईच्याला गेलेला माणूस मिरच्यांच्या पोत्याबरोबर एखादी घेऊन यायचा. रिकाम्या कॅसेटवर 'भरून' देणारी दुकानंही होती. गाण्यांची यादी कागदावर लिहून द्यायची आणि आठवड्यानं न्यायची. दुकानदारानं यादीत नसलेलं गाणं टाकलं की भांडण.

चाचांसारख्यांचं ऐकणं पाहिलं की 'चाहता' या शब्दाचा अर्थ कळायचा. स्टेशनाजवळच्या चहाच्या टपरीवर चौघं बसायचे: चाचा, एक पाटील आबा, एक रेल्वेचा गँगमन आणि पानवाला. अहिराणीत गप्पा, अहिराणीतच वाद. या जागी अजीजनं श्वास घेतला, त्या जागी कोरसवाला अर्धी मात्रा आधी आला, ही दुसरी रेकॉर्डिंग शे, पहिली नही. उर्दूचे शब्द अर्धे कळायचे नाहीत. आबा तर 'फानी' म्हणजे सापाचा फणा समजून चालले होते, कितीतरी वर्षं. पण कोरस कुठं येतो ते चौघांनाही कळायचं आणि तेवढ्यात चौघांचेही हात एकदम टाळीला उठायचे. त्या पार्टीतल्या टाळीवाल्यांची नावं कुठल्याच वेष्टनावर नाहीत. टपरीवरचे हे चौघं त्याच बिननावाच्या ओळीत बसले होते, असं मला आज वाटतं.

अजीज नाझां 8 ऑक्टोबर 1992 रोजी वारला. चोपन्न वर्षांचं वय. चाचांना ही बातमी बऱ्याच दिवसांनी मुंबईहून आलेल्या एका ड्रायव्हरकडून कळली. त्यांनी त्या दिवशी गाडी काढली नाही, असं चाची सांगते. त्यानंतर दोनच महिन्यांनी 6 डिसेंबर उजाडला. पुढं मुंबईत काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. चाचांची गाडी अडकून पडली होती आणि ते कुठं आहेत हे आम्हाला नऊ दिवस कळलं नाही. घरी आले तेव्हा त्यांनी केबिनमधला टेप काढून ठेवलेला होता. ट्रकवर दर्शनी भागात 786 लिहिलेलं होतं, तेही खरवडलं होतं. टेप त्यांनी दीड-दोन वर्षांनी परत बसवला. 786 परत लिहिलं नाही.

मला वाटतं, आमच्या घरातली कव्वाली तेव्हाच बदलली. बाहेर ती वाजवायला भीती, मग घरात वाजवायची, आणि घरात वाजवायची तर घरातला दुसरा विचार तिथं वाट पाहत उभा. धाकटी पिढी अवतीभवतीच्या धास्तीत दीनकडं वळली, यात मला नवल वाटत नाही. ज्यांना बाहेरून रोज सांगितलं जातं की तुम्ही कोण आहात, ते आतून शुद्ध व्हायला बघतात. पण त्या शुद्धतेत पहिला बळी बापाच्या आवडीचा जातो. आता आमच्या भागातल्या लग्नात डीजे लावला तर निकाह पढवणार नाही, असे निर्णय जमाती घेतात. डीजेचा जो गोंगाट आहे तो पाहता त्यांच्या बाजूनं मीही हात वर करीन. पण त्या एकाच निर्णयात बेंजो आणि डीजे दोन्ही एकाच पोत्यात भरले जातात.

2017 साली मधुर भांडारकरांच्या 'इंदू सरकार'मध्ये 'चढता सूरज' परत आलं, अजीज नाझांच्या मुलाच्या, मुजतबाच्या आवाजात. आणीबाणीवरच्या सिनेमात सत्तेचा सूर्य मावळण्याचं गाणं, निवड चांगली होती. मी कौतुकानं ते चाचांना मोबाईलवर ऐकवलं. त्यांनी पूर्ण ऐकलं, मान हलवली आणि म्हणाले, "लडके का गला अच्छा है." मग थोड्या वेळानं, "पार्टी नै है पीछे."

तर पेटी. महिन्याभरानं परत गेलो तेव्हा भावाशी मी वाद घातला नाही. गझाली, निजामुद्दीन, बुऱ्हाणपूर यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं मला दुसऱ्या चार किताबी दाखवल्या असत्या, आणि त्याही खोट्या नसत्या. आम्ही दोघं मिळून नुसत्या कॅसेटी वेगळ्या करत बसलो. काहींची फीत बाहेर आली होती, ती पेन्सिल घालून गुंडाळली. काहींना बुरशी. दोस्ताच्या दोन प्रल्हाद शिंदे भाऊ स्वतः जाऊन परत देऊन आला. अमानत आहे, म्हणाला. दोस्त आता हयात नाही, त्याच्या सुनेनं घेतल्या.

तळाशी एका कॅसेटवर चाचांच्या अक्षरात दोन्ही बाजू लिहिलेल्या होत्या. 'ए' बाजूला अजीज नाझां. 'बी' बाजूला रमजानमधलं एका मौलानांचं बयान, मशिदीच्या भोंग्यावरून त्यांनी स्वतः टेप केलेलं, कारण रिकामी कॅसेट नव्हती. भाऊ ती बराच वेळ उलटसुलट करून बघत बसला. त्या मौलानांना त्यानं लहानपणी ऐकलं होतं, त्यांच्यापाशीच तो कुराण शिकला. त्यांचं दुसरं काही टेप केलेलं कुणाकडंही नाही.

"इसकू रहने दो," तो म्हणाला.

बाकीच्या अठ्ठावन्न कॅसेटींचं काय करायचं हे अजून ठरलेलं नाही. पेटी सध्या माझ्याकडं आहे. ती एक कॅसेट भावाकडं आहे, पण घरचा टेपरेकॉर्डर चालत नाही. शिरपूरला दुरुस्त करणारा एक जण सापडला. त्यानं उघडून पाहिलं, आतला रबरी बेल्ट वितळून चिकटला आहे आणि तसा बेल्ट आता मिळत नाही म्हणाला. धुळ्याला एकाकडं मिळेल असं कळलंय. पुढच्या रविवारी भाऊ आणि मी जाणार आहोत.